ओट्याचा काठ

ताईची नजर मध्यभागापासून जात चालली आहे आणि गेलेली नजर परत येणार नाही, असे डोळ्यांच्या डॉक्टरांनी आबिड्सच्या दवाखान्यात सांगितले, तेव्हा मी त्यांच्या टेबलावरच्या काचेकडे बघत बसले होते. परतताना रिक्षाने नारायणगुड्याचा चौक ओलांडल्यावर ताई म्हणाली, "वाचायचं गेलं तर जाऊ दे. पण मला ओट्यापासून उठवू नका कुणी. नुसतं बसवून ठेवलंत तर मी फार दिवस टिकायची नाही."

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मेहुणे गेल्यावर ती चिक्कडपल्लीला माझ्याकडे राहायला आली आणि दुसऱ्या सकाळपासून माझे स्वयंपाकघर तिचे झाले. मी लग्न केले नाही. महाविद्यालयात भूगोल शिकवला, उत्तरपत्रिका तपासल्या आणि वीस वर्षे तिच्या हातचे जेवले. निवृत्तीनंतरही मला धड कुकर लावता येत नव्हता, हे लिहिताना आजही संकोच वाटतो.

तिचा मुलगा पुण्यात असतो. डॉक्टरांचे म्हणणे कळल्यावर त्याने फोनवर शांतपणे सांगितले की, दिवाळीपर्यंत वाट पाहू. आई स्वयंपाकघरात सुरक्षित राहू शकली तर ठीक, नाहीतर तो तिला घेऊन जाईल. त्याच्याकडे स्वयंपाकाला बाई आहेत आणि ताईला गॅसजवळ कुणी जाऊ देणार नाही. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. ते चुकीचे नव्हते, याचेच मला भय वाटले.

म्हणून मी स्वयंपाकघर नव्याने करायचे ठरवले. जुन्या स्वयंपाकघरात काळ्या कडप्प्याचा ओटा, तेलकट झालेली तपकिरी कपाटे आणि शेजारच्या भिंतीकडे उघडणारी एक खिडकी होती. माझा तर्क सरळ होता: जिला कमी दिसते तिला अधिक उजेड हवा. कपाटे फिकट, सायीच्या रंगाच्या लाकडाची. ओटा त्याच रंगाचा. फरशी आणि भिंतीही तशाच. आलेखाच्या कागदावर मी प्रमाणबद्ध नकाशा काढला. ताई झोपली असताना तिच्या कोपरापासून बोटांपर्यंतचे अंतर मोजले. तिच्या खांद्याहून वर एकही फळी येऊ दिली नाही. दारांना मुठी ठेवल्या नाहीत, कारण मुठींत तिचा पदर अडकेल असे मला वाटले. कुकटपल्लीच्या दुकानांत जाऊन लाकडाचे तुकडे आणले आणि खिडकीशी धरून सर्वांत उजळ तुकडा निवडला.

मी डॉक्टरांच्या सहायकाला विचारले, दुकानदारांना विचारले, सुतारकाम करणाऱ्या मिस्त्रींना विचारले. ताईला विचारले नाही. आमच्या घरात दुखण्याबद्दल दुखणेकऱ्याला कधी विचारत नसत. वडिलांच्या छातीत दुखे तेव्हा आम्ही आईला विचारत असू, आणि आईचे गुडघे कसे आहेत हे वडिलांना. समोरासमोर विचारणे म्हणजे त्या माणसाला त्याच्या दुखण्याची आठवण करून देणे, असा आमचा समज होता आणि त्यालाच आम्ही सभ्यपणा म्हणत होतो. "ताई, तुला काय दिसतं?" एवढा प्रश्न काम चालले त्या तीन महिन्यांत माझ्या तोंडून निघाला नाही.

मिस्त्रींना रंग पसंत नव्हता. "इत्ता उजला नक्को अम्मा, हल्दी का दाग लगा तो रोते बैठेंगे," असे ते दोनदा म्हणाले. बाहेरच्या खोलीतून ताईने उत्तर दिले, "रोने के वास्ते मैं हूं मिस्त्री, तुम रंदा चलाव." ते हसले आणि कामाला लागले.

काम पुरे झाले त्या सकाळी खोली इतकी उजळली होती की, मला स्वतःलाच दोन क्षण डोळे मिटावे लागले. ताईने दारांवरून तळवा फिरवला. "गुळगुळीत आहे," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "प्रकाश छान आलाय." आयुष्यात मी तिच्यासाठी केलेली ही पहिलीच गोष्ट होती. त्या दोन वाक्यांवर मी कितीतरी दिवस सुखात काढले.

त्यानंतरचे सगळे माझ्या डोळ्यांसमोर घडत होते. ताई कपाटांपुढे उभी राहून पुटपुटत असे. मला वाटे स्तोत्र म्हणते. भातावर ती पूर्वीपेक्षा जास्त आमटी घेऊ लागली. मला वाटे तोंडाची चव गेली असेल. तिच्या मनगटावर भाजल्याची खूण दिसली तेव्हा तिने कुकरची वाफ लागल्याचे सांगितले आणि मी ते मानून घेतले. एकदा तिने डाळीचा डबा ओट्यावर ठेवण्याआधी मोकळा हात पुढे करून काठ चाचपला. मी दारातच होते. मी पाहिले आणि वर्तमानपत्र घ्यायला वळले.

नवरात्राच्या आधीच्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमारास, तिने वरणाचे पातेले सांडशीत धरून शेगडीवरून उचलले. मी पाणी प्यायला आत आले होते. तिच्या हालचालीत कुठेही अडखळणे नव्हते. वीस वर्षे ठेवत आली त्याच सहजतेने तिने ते पातेले उजवीकडे ठेवले, ओट्याच्या काठापासून वीतभर बाहेर, हवेत.

ताई ओरडली नाही. उकळते वरण तिच्या डाव्या पावलावर पसरले होते, पातेले फरशीवर गरगरत होते आणि ती दोन्ही हात पुढे करून म्हणाली, "ओटा कुठे गेला?"

मी नळाखाली तिचा पाय धरला. मग रिक्षा, दवाखाना, मलमपट्टी. पाऊल घोट्यापर्यंत भाजले होते. तिच्या मुलाला फोन मीच केला. दुसरे कुणी करणारे नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो विमानाने पोहोचला. आधी आईच्या पायाशी बसला, मग स्वयंपाकघर पाहून आला. "मावशी, किती सुंदर केलंयस गं," तो म्हणाला आणि त्याला खरोखरच तसे वाटले होते. मग त्याने सांगितले की, शुक्रवारची दोन तिकिटे काढली आहेत.

चहाच्या वेळी आम्ही तिघे बसलो होतो. वर्गात साठ मुलांसमोर बोललेली मी घरात कुणापुढे तोंड उघडू शकत नसे. त्या दिवशी कप खाली ठेवला आणि जे कधी विचारले नव्हते ते विचारले.

"ताई, तुला नेमकं काय दिसतं?"

तिने माझ्याकडे पाहिले. म्हणजे जरा बाजूला, माझ्या कानाकडे पाहिले. आता ती अशीच पाहते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले.

"मधे धूर आहे. कडेकडेने थोडं दिसतं. काळं आणि पांढरं एकमेकांशेजारी असलं की कळतं. कडप्प्याचा ओटा मला दिसायचा. त्याच्यावर ठेवलेली पांढरी वाटीसुद्धा दिसायची." तिने कप चाचपून खाली ठेवला. "या खोलीत दूध सांडल्यासारखं सगळं एकच आहे. ताटातला भातसुद्धा आमटी ओतली की मगच सापडतो."

"मग बोलली का नाहीस?"

"साठी उलटल्यावर तू पहिल्यांदा स्वयंपाकघरात शिरलीस, ती भिंतींसकट सगळं उजळून बाहेर आलीस. त्यात खोट कशी काढू? म्हटलं, दारं मोजत मोजत शिकेन. डावीकडून तिसरं तांदळाचं, चौथं डाळींचं."

म्हणजे ते स्तोत्र नव्हते.

मी तिच्या मुलाला म्हणाले की, चूक तिच्या डोळ्यांची नाही, माझी आहे. तिला दिसत होता तो ओटा मी फोडून टाकला. मला थोडे दिवस दे, मी काठ काळे करून घेते, दारांच्या कडा काळ्या करते. बोलताना माझा आवाज चढला असावा, कारण तो उठून माझ्या शेजारी येऊन बसला.

"मावशी, तू प्रेमानेच केलंस. पण पाय भाजला तो भाजलाच ना? आधी तो बरा होऊ दे. मग मी स्वतः येऊन बघेन आणि काय ते ठरवेन."

गुरुवारी मी काळ्या कागदाच्या पट्ट्या कापल्या. ताईला खुर्चीवर ओट्यासमोर बसवले आणि पट्ट्या काठावर ठेवून एकेक दाखवली. एक बोट रुंदीची तिला दिसली नाही. दोन बोटांची दिसते आहे, असे ती जरा विचार करून म्हणाली, तेव्हा ती माझे मन राखते आहे हे मला कळले आणि मी पुढची पट्टी ठेवली. चार बोटांच्या पट्टीपाशी तिने हात उचलून थेट काठावर आणला. "ही," ती म्हणाली. शुक्रवारी ती गेली.

मिस्त्रींना बोलावून मी सगळे समजावले. ते ओट्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहत राहिले. "ये तो दुल्हन के मुंह कू कालिख लगाने की बात है अम्मा." मी म्हणाले की, लावा. त्यांनी ओट्याच्या काठावर चार बोटे रुंद काळा पट्टा बसवला, प्रत्येक दाराला काळी चौकट काढली आणि शेगडीच्या दोन्ही बाजूंना काळे पाट ठोकले. जाताना, मजुरी मागण्याआधी, मोठ्या अम्मा कधी येणार ते विचारले. मी म्हणाले, पाय बरा झाल्यावर.

त्या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. मी तिथे स्वयंपाक करते. भाताचा गिचका होतो, पोळ्या मी करून पाहत नाही. दिवाळी झाली. तिच्या मुलाने फोनवर पुन्हा "बघू" म्हटले. त्याच्या आवाजात कठोरपणा नसतो, म्हणून त्याच्याशी भांडताही येत नाही.

गेल्या मंगळवारी ताईने स्वतः फोन मागून घेतला. पाय बरा झाल्याचे सांगितले. पुण्याच्या बाई आमटीत गूळ फार घालतात, अशी तक्रार केली. तिथे तिला दिवसभर गॅलरीत बसवतात, हे मी विचारल्यावर सांगितले. आता मी विचारते. मग आवाज उतरवून, बहुधा कुणी ऐकू नये म्हणून, म्हणाली, "काठाचा पट्टा किती रुंद केलास?"

"चार बोटं. तू सांगितलीस तेवढी."



"चार आता पुरायची नाहीत. सहा कर," ताई म्हणाली.

मी हो म्हणाले. कधी येतेस, हे विचारण्याचा धीर मला झाला नाही. फोन ठेवला आणि मिस्त्रींचा नंबर शोधू लागले.