सावकाश सांगणारे गुरुजी

चमत्कारांवर माझा विश्वास नाही, आणि हे लिहितानाही तो बसलेला नाही. आजोळी मामांचा छापखाना होता. बुवाबाजीविरुद्धची पत्रकं वाचत मी अक्षरं शिकले, पुढे स्वतः लिहिली, गल्लोगल्ली वाटली. त्यामुळे बाबांच्या आजारपणात जो कोणी गंगामाईचं नाव घेत दारात आला, त्याला नेमकं काय हवं असेल, हाच विचार माझ्या मनात आधी यायचा.

बाबा गंगेकाठच्या पंचगंगा घाटावरचे पुरोहित. महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेकरूंच्या ओंजळीत पाणी घालून संकल्प सांगायचा, आणि यजमानानं तो तुकड्यातुकड्यानं मागून म्हणायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. गेल्या भाद्रपदात त्यांच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली. हातपाय सावरले, पण वाचा गेली. म्हणजे आवाज होता, शब्दही होते; वाक्य होत नव्हतं. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी समजावलं, की वाक्याच्या शेवटापर्यंत पोचेतो यांच्या मनातून सुरुवात निसटते. त्यात भाषा दोन. एक शब्द शोधायला गेले की मराठी आणि हिंदी दोन्ही धावून येतात, आणि एकीला मागे ढकलण्यातच शक्ती संपते. जो शब्द येईल तो येऊ द्या, असं त्यांनी बजावलं. बोलण्याची खटपटच सोडली, तर मात्र अवघड आहे.

पण दूधविनायक मोहल्ल्यातल्या आमच्या घराचा पिढ्यानपिढ्यांचा नियम होता, उंबऱ्याच्या आत मराठी. लहानपणी आम्ही हिंदीत काही मागितलं तर आई ऐकूच आलं नाही असं करायची. आता आजारी नवऱ्यालाही तिनं तसंच शिकवायला घेतलं. बाबा खाटेवरून हात पुढे करून म्हणाले, "तकिया." आई उशी छातीशी धरून म्हणाली, "उशी म्हणा, मग देते." तिचे डोळे भरले होते, पण उशी तिनं दिली नाही. बाबा बराच वेळ ओठ हलवत राहिले आणि मग भिंतीकडे वळले. त्यानंतर त्यांनी काही मागणंच सोडलं.

अशात चुलतकाका रोज येऊ लागले. दादाला घाटावर बसवा, गंगा त्याला बोलतं करील, हाच त्यांचा धोशा. बाबांच्या तख्तावर, म्हणजे घाटावरच्या त्यांच्या पुरोहिताच्या चौथऱ्यावर, काकांच्या मुलाचा डोळा आहे, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. बाबांची वाचा गेलेली चारचौघांनी पाहिली की तख्त आपोआप हाती येईल, असा त्यांचा डाव मी ओळखला होता. तोंडावर तसं म्हटलं तर ते हसले. "अगं, तुझी पत्रकं तरी कुठे बोलतं करताहेत त्याला?" शेवटी आईनंच गळ घातली. कार्तिकातल्या एका सकाळी बाबांना धरून मी पायऱ्या उतरले, काकांवर नजर ठेवून.

तख्तावरच्या छतरीखाली बाबा गप्प बसले. आजूबाजूला संकल्प भराभर उरकले जात होते. तेवढ्यात ओल्या नऊवारीतली एक म्हातारी शेजारची सगळी तख्तं ओलांडून सरळ आमच्यासमोर येऊन बसली आणि तिनं ओंजळ पुढे केली. काकांनीच धाडलीय, माझी खात्रीच झाली. मी सांगितलं, आजी, हे आजारी आहेत, दुसरीकडे जा. "आं?" ती म्हणाली, ओंजळ तशीच. तिला ऐकू कमी येत होतं.

बाबांनी तांब्या उचलला. "हाथ में... पाणी."

"हातात पाणी," ती मोठ्यांदा म्हणाली आणि थांबली. बाबांनी पुढचा शब्द सांगितला. तिनं तो घाटभर ऐकू जाईल असा म्हटला, पुन्हा थांबली. तिनं म्हटलेला शब्द हवेत असेतो बाबांना पुढचा सापडत होता. पाठ केलेलं टिकून राहतं, हे वाचा-उपचाराच्या बाईंनी सांगितलं होतंच, म्हणून मी विरघळले नाही. पण संकल्पात एक जागा रिकामी असते. ज्याच्यासाठी करायचं त्याचं नाव तिथं घालायचं, आणि तोवर ते मनात धरून ठेवायचं.

"किसके... साठी?" बाबांनी विचारलं.

"बहिणीसाठी. सुमन."

ते पुढे गेले, नावापाशी आले आणि थबकले. नाव निसटलं होतं. पलीकडून काका मान उंचावून पाहत होते. म्हातारीनं पुन्हा सांगितलं. बाबांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा निसटलं. कपाळावर घाम आला. तिच्या बोटांतून पाणी गळून गेलं होतं, तरी तिनं ओंजळ मागे घेतली नाही. "सुमन, गुरुजी," ती म्हणाली. या खेपेला नाव आपल्या जागेवर आलं. तिनं ते मागून म्हटलं, बाबांनी नव्यानं पाणी घातलं, तिनं ते सोडलं.

मी तिच्यामागे पायऱ्या चढले आणि कानाशी जाऊन, जरा दरडावूनच, कोणी पाठवलं म्हणून विचारलं.

"कोण पाठवणार गं बाई? बाकीचे गुरुजी पळतात नुसते. माझ्या कानात एक शिरेतो त्यांचं सगळं आटोपतं. हे गप्प बसलेले दिसले. म्हटलं, हे सावकाश सांगतील."

खाली आले तर काका वाट अडवून उभे. "खरं सांग," ते दबक्या आवाजात म्हणाले, "कुठून आणलीस हिला?"

संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. दिवेलागणीला बाबा खाटेवरून म्हणाले, "तकिया." आईनं माझ्याकडे पाहिलं, मग उंबऱ्याकडे. उशी उचलून ती म्हणाली, "तकिया." बाबांचे कान शाबूत असूनही त्या म्हातारीसारखी मोठ्यांदा. आणि थांबली.

"डोक्याखाली," बाबा म्हणाले.

"डोक्याखाली."

"ठेव."

ती म्हातारी पुन्हा दिसली नाही. देवानं पाठवली असं लिहायला माझा हात अजून धजत नाही. शरण जाणं म्हणजे मान तुकवणं, असं मी पत्रकांत ठासून लिहीत आले. पाणी गळून गेल्यावरही तशीच धरलेली ती ओंजळ आठवते, तेव्हा ते वाक्य मला अपुरं वाटतं. बाबा अजून अडखळतात, आम्ही थांबतो. रोज सकाळी मी घाटाकडे तोंड करून हात जोडते. कोणाला, ते मात्र विचारू नका.