कॉन्व्होकेशनचा अर्थ

नव्वदच्या दशकात मी नुकतीच बी.ए. झाले होते आणि कॉलेजच्या पदवीदान समारंभात मिरवून आले होते. त्याच सुमारास दक्षिणेकडून आलेल्या एका पाद्रीसाहेबांचं इंग्रजी मराठीत सांगायला चर्चच्या लोकांनी मला नाशिक जिल्ह्यातल्या पेठजवळच्या एका खेड्यात नेलं. पाद्रीसाहेब म्हणाले, पुढच्या महिन्यात नाशिकला चर्चच्या सगळ्या प्रचारकांचं ‘कॉन्व्होकेशन’ आहे. मला त्या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक होता.

“पदवीदान समारंभ आहे,” मी ठासून सांगितलं.

तिथल्या, चौथीपर्यंत शिकलेल्या एका वयस्कर प्रचारकांनी विचारलं, “मला बी?”

“हो, सगळ्यांना.”

नाशिकला ते नवा कोट घालून आले. सोबत बायको होती, तिच्या हातात झेंडूचा हार. पाद्रीसाहेबांनी मला हाराचं कारण विचारलं, तेव्हा कुठे कळलं की चर्चनं बोलावलेल्या सभेलाही कॉन्व्होकेशनच म्हणतात. मान खाली घालून मी प्रचारकांना खरं काय ते सांगितलं.

ते बायकोला म्हणाले, “हार पिशवीत ठेव. नुसती सभा हाय.”

ती मला म्हणाली, “पोरी, गावात समद्यांना सांगून आलो गं आम्ही.”

मला तिच्याकडे बघवेना.