उघाडीवरचा स्पंज

रोह्याच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. रामवाडीतल्या आमच्या घरात सगळेच शिक्षक, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असं प्रत्येकालाच वाटतं. मलाही वाटायचं. समुद्री स्पंजात औषधी द्रव्यं सापडतात म्हणून वर्षभर मी किनाऱ्याचे खडक धुंडाळले, आणि हवा तो सापडला पेणच्या खाडीत, एका उघाडीवर. उघाडी म्हणजे भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधात बसवलेला लाकडी दरवाजा. तिच्या दगडी उंबऱ्यावर बोटाएवढा नारिंगी स्पंज चिकटला होता.

तो दाखवला मिठागरात काम करणाऱ्या एका मावशींनी. त्यांचं भाताचं खाचर उघाडीला लागूनच आहे. स्पंज काढताना माझा हात खाजून खाजून सुजला, तेव्हा त्या पदर तोंडाला लावून हसल्या होत्या.

कॉलेजात मी त्याचा अर्क कागदाच्या टिकलीवर घेतला आणि टिकली जंतू वाढवायच्या काचेच्या थाळीत ठेवली. सकाळी तिच्याभोवती स्वच्छ वर्तुळ होतं. तिथे एकही जंतू वाढला नव्हता. मी बघतच बसले. या जीवाला ना तोंड ना पाय, कुणी खायला आलं तर पळताही येत नाही. तरी याच्याजवळ असं रसायन आहे, आणि कपाटभर बाटल्या असून मला ते बनवता येत नाही. मला स्वतःची लाज वाटली आणि आनंदही झाला.

पण एकदाच आलेल्या वर्तुळाला कोण विचारतो? ते पुन्हा यायला हवं होतं, आणि अर्क संपला होता. मी उघाडीवर गेले तर उंबरा लख्ख.

"पावसाआधी आमी घासतोच गो, फली नीट बसाया," मावशी म्हणाल्या. "यंदा तर कोयत्यानं खरवडला. तुजा हात सुजलेला ना."

"त्यातून औषध निघालं असतं, मावशी," एवढं बोलून मी चहासुद्धा न घेता निघाले. आजही ते आठवलं की अवघडायला होतं.

पुढच्या वर्षी कापणीनंतर त्यांचा फोन आला, "ये बघाया." उंबऱ्याच्या कोपऱ्यात वीतभर जागा त्यांनी घासलीच नव्हती. दगडाच्या भेगेत उरलेल्या कणापासून स्पंज पुन्हा वाढला होता. मी हरखून वाकले, तेव्हा दिसलं की फळी नीट बसत नाही. फटीतून खारं पाणी आत झिरपत होतं. खाचराचा कडेचा तुकडा मिठाने पांढरा पडला होता, तिथे कापलेल्या भाताचं एक बूडही नव्हतं.

"जरा पानी येतं आत," मावशी म्हणाल्या. "येऊ दे."

मी नखाएवढाच तुकडा घेतला. थाळीत वर्तुळ पुन्हा आलं. प्रयोगशाळेतल्या मुलांसमोरच मला रडू आलं, आणि तशीच मी मावशींना फोन लावला.

"म्हंजे औषध झाला?"

"नाय हो मावशी. अजून खूप वर्षं लागतील. कदाचित होणारही नाही."

मावशी म्हणाल्या, "मंग यंदा पन तेवढी जागा ठेवू ना?"