पायरीवरच्या चपला

उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर कोणी अनवाणी पाऊल ठेवत नाही. स्वाती मात्र वही घेऊन वर गेली की चपला जिन्याच्या शेवटच्या पायरीवर काढायची आणि तापलेल्या स्लॅबवरून टाचा उचलत पत्र्याच्या सावलीत पळायची. मी एकदा कारण विचारलं. म्हणाली, "आमच्या पानमळ्यात चप्पल घालून जात नाईत, काकू. आजोबा म्हणत, वेल रुसते. आता फिजिक्स काई रुसत नाई, पण पायाले सवय पडली."

ती अंजनगावची. त्यांचा विड्याच्या पानांचा मळा. एम.एस्सी. करायला अमरावतीला आली आणि आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहिली. आमचा हारफुलांचा धंदा. हे दुकानावर असतात, मी घरी हार ओवते. मी चौथी शिकलेली, चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. म्हणूनच असेल, ती माझ्यापाशी बसून बोलायची. तिला उत्तर नको असायचं, ऐकणारं कोणी हवं असायचं.

केऑन नावाचा एक कण असतो, हे मला तिनंच सांगितलं. तो फार टिकत नाही. तुटतो आणि त्याचे दुसरे कण होतात. पण तुटायच्या वाटा पुष्कळ. लाखभर केऑन असले तर त्यातले किती कोणत्या वाटेनं जातील, हे पुस्तकात लिहिलेलं असतं. "पण एकटा समोर ठेवला, तर हा कधी तुटंल अन् कोण्या वाटेनं जाईल, कोणालेच सांगता येत नाई. काहून?" असं म्हणून ती माझ्या सुईतली शेवंती बोटानं फिरवत राहायची.

पानांचं तसं नसतं, म्हणायची. टोपलीत एक पान नासलं की शेजारचंही नासतं, म्हणून तिचे बाबा रोज पानं परतून नासकी काढून टाकतात. केऑनला शेजारचा गेल्याचा पत्ताच नसतो. "अन् त्याले वय नसते, काकू. जो आतापर्यंत टिकला, तो काई म्हातारा होत नाई. दर घडीले नवाच." हसता हसता ती एकदम थांबली. "मले हाय ना वय. बाबा दर फोनवर सांगतात."

परीक्षा झाल्यावर तिला अकोल्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात शिकवायची नोकरी लागली. पहिल्या दिवशी बारा वाजायच्या आत हजर व्हायचं होतं. बाबा स्वतः सोबत येणार होते. आणि नेमकी त्याच सकाळी दूरच्या एका संस्थेची संशोधनासाठीची मुलाखत आली, लॅपटॉपवर. बाबांना तिनं सांगितलंच नाही. सांगून टाक, असं मी म्हटलं, तर म्हणाली, "सांगतलं अन् निवड नाई झाली, तर दोन्हीकडून गेली मी." त्या दिवशी ती जेवली नाही.

खोलीत रेंज येत नाही, म्हणून मुलाखतीला ती गच्चीवरच बसली. बाबा लवकर आले. उंच, उन्हानं रापलेला माणूस. दारातूनच म्हणाले, "पोरगी कुठी हाय? गाडी चुकंल आमची."

मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले. हातात हाराचा दोरा तसाच होता. परक्या माणसाच्या तोंडाकडे बघून मी कधी बोलले नव्हते. "भाऊ, वर नका जाऊ. तिची मुलाखत चालू हाय."

"कायची मुलाखत? नोकरी तं लागली."

ते मला वळसा घालून जिना चढू लागले. मी मागून गेले. आता हे ओरडणार, आणि तिकडची मोठी माणसं ऐकणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

शेवटच्या पायरीवर ते थांबले. तिथं तिच्या चपला होत्या. वरून तिचं इंग्रजी ऐकू येत होतं. त्यातला केऑन तेवढा मला ओळखू आला. बाबा चपलांकडे बघत राहिले. हळूच म्हणाले, "इथंही अनवाणी बसते काय?"

"रोज," मी म्हटलं.

त्यांनी आपल्या वहाणा काढून तिच्या चपलांशेजारी ठेवल्या आणि ते गच्चीवर गेले. सावलीत नाही, तिला दिसू नये म्हणून भिंतीलगत, उन्हात. एक पाय उचलायचे, मग दुसरा. मी दारातच उभी होते. अकोल्याची गाडी निघून गेली असणार.

स्वाती लॅपटॉप मिटून उठली आणि बाबांना बघून जागीच थिजली.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं. पण निवड होईल का नाई, मले काईच सांगता येत नाई, बाबा."

त्यांनी उन्हातून सावलीत पाऊल टाकलं. मग म्हणाले, "अकोल्याले फोन लाव. मी बोलतो."

निवड झाल्याचं कळलं ते पुढं कितीतरी दिवसांनी, आणि पावसाळ्यात ती गेली. त्या सकाळी मात्र कोणालाच काही ठाऊक नव्हतं. फोनवर ते म्हणाले की पोरगी आज येत नाही, तिला थोडा वेळ पाहिजे. मग जागा दुसऱ्याला जाईल, असं पलीकडून कोणी म्हटलं असावं.

"जाऊ द्या," ते म्हणाले, आणि फोन तिच्या हाती देऊन पायरीवर बसून तळपाय चोळू लागले.