उजव्या हातानं दिलेला डबा

माझं अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्वदीर्घही चुकतात, त्याबद्दल वाचणाऱ्यानं राग मानू नये. चौथीपर्यंतच शिकले. मासिकात लोक असे अनुभव पाठवतात, पण तेवढा धीर मला नाही, म्हणून नुसतं लिहून ठेवते. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही नाही... तरी हे घडलं.

पिंपरीला नवी कंपनी सुरू झाली तेव्हा आम्ही मोशीहून येऊन रेल्वेच्या रुळांजवळ एका खोलीत राहिलो. आमचे हे कंपनीत हेल्पर. मी तीन कामगारांचे डबे करायला घेतले. त्यासाठी भांडी, स्टोव्ह आणि पोतंभर ज्वारी अब्बासभाईंच्या दुकानातून उधार आणली. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूला, हे पसंत नव्हतं. त्यांनी अट घातली — दिवाळीपर्यंत उधारी फेडली तर इथं राहा, नाहीतर गाशा गुंडाळून परत ये. मोशीच्या घरात मी डावखुरी म्हणून मला कुणाच्या पानात वाढू देत नसत. मला परत जायचं नव्हतं.

तिघं तीन शिफ्टचे. रात्रीवाला जाताना डबा घेऊन जाई, बाकी दोघांचे मी गेटवर पोचवायचे. सलग झोप मिळायची कुठून? त्यातले तात्या कोकणातले, पूर्वी जहाजावर खलाशी होते. माझे तारवटलेले डोळे बघून म्हणाले, "अगो, जहाजावर आम्ही तुकड्या-तुकड्यानंच निजायचो. कोण मेला नाय त्यानं."

मग मीही तसंच करायचं ठरवलं. मध्यरात्रीनंतर एक तुकडा, सकाळचा डबा पोचवून एक, दुपारी एक. उठवायला कंपनीचा भोंगा होताच. सुरुवातीला आमटीत दोनदा मीठ पडलं, भाकरी थापताना डुलक्या लागल्या. पण पुढे अंगाला वळण पडलं आणि भोंग्याच्या आधीच डोळा उघडू लागला. हे म्हणाले, कोंबडीसारखी निजतेस. मी म्हटलं, कोंबडी अंडी तरी देते.

एका दुपारी मात्र भोंगा ऐकूच आला नाही. जाग आली तेव्हा ऊन पार उतरलं होतं. तात्यांचा डबा मी स्टोव्हपाशी भरून ठेवला होता, तो जागेवर नव्हता. तशीच धावत गेटवर गेले. वॉचमनमामा मला बघून म्हणाले, "आता काय राहिलं, वहिनी? डबा तर मघाशीच दिलात." वर हसून म्हणाले, "आणि आज उजव्या हातानं. रोज सांगतो त्याचा गुण आला म्हणायचा."

अन्न डाव्या हातानं देऊ नये म्हणून मामा मला रोज टोकत. पण उजव्या हातानं मला पळीसुद्धा नीट धरता येत नाही.

यांचं म्हणणं, झोपेत चालत गेली असशील. पण घाबरून त्यांनी आत्याबाईंना सांगितलं. त्या दुसऱ्याच दिवशी आल्या. हे तुकड्यांचं निजणं बंद कर, देवऋषी आणते, म्हणाल्या. मी त्यांच्यापुढे कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी म्हटलं, "निजणं बंद होणार नाही. कुणी माझा डबा पोचवत असेल तर मी का भ्यायचं?"

आत्याबाई म्हणाल्या, "तुझ्यापरीस तीच बरी. उजव्या हातानं तरी देती."

म्हटलं, मग बसा माझ्या उशाशी आणि बघा तिला.

त्या खरंच बसल्या. दाराला आतून कडी घातली आणि भरलेला डबा स्वतःच्या मांडीवर घेतला. मी पडले आणि लगेच झोप लागली.

भोंग्यानं उठले तर आत्याबाई तशाच बसलेल्या, तोंड पांढरंफटक. कडी जागेवर. डबा मांडीवर. पण तो हातात घेतला तर हलका लागला. उघडला — आत खरकटं.

"म्या डोळा मिटला न्हाई," एवढंच त्या म्हणाल्या.

मी घाईनं दोन भाकरी थापून गेटवर नेल्या. मामा वैतागले. तात्या जेवून कामावर गेलेसुद्धा, आणि रिकामा डबा तुम्हीच परत नेलात की, म्हणाले. कुठल्या हातानं ते मी विचारलं नाही.

आत्याबाई सकाळी उठून मोशीला निघाल्या. देवऋषीचं नाव नाही, अटीचं नाव नाही. उंबऱ्याशी थांबून माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दोघीबी जपून ऱ्हावा."

त्यानंतर तसं काही घडलं नाही. घडलं असेल तर मला कळलं नाही. ती कोण, माझ्या झोपेच्या फटीतून कुठून आली, याचा उलगडा मला अजून झालेला नाही. मी तुकड्यांनीच निजत राहिले. दुपारी पडण्याआधी एक भाकरी झाकून वेगळी ठेवायची, एवढाच फरक केला. ती तशीच राही. मग मीच खाई.

दिवाळीच्या आधी राहिलेले पैसे घेऊन अब्बासभाईंच्या दुकानात गेले. नेहमीसारखा डावा हात पुढे केला. शेजारी उभी असलेली बाई म्हणाली, "अगं, लक्ष्मी कुणी डाव्या हातानं देतं का?"

मी म्हटलं, याच हातानं कमावलीय.

अब्बासभाईंनी पैसे मोजून गल्ल्यात टाकले. "फिटले, बहीण," म्हणाले. "सगळे फिटले."