दोघींच्या वाटचं बोलणं

बोर्ली पंचतनच्या आसपास माझ्या आत्याइतक्या मनापासून मोबाइल वापरणारं आणि तितक्याच चुकीच्या पद्धतीने वापरणारं दुसरं माणूस सापडणार नाही. व्हिडिओ कॉल आला की ती फोन सरळ कानाला लावते. त्यामुळे आमच्या पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांच्या मुलांना आत्या म्हणजे एक कुडी घातलेला कान, एवढंच माहीत आहे. "आत्या, फोन समोर धर," म्हटलं की म्हणते, "समोर धरून ऐकू कसं येईल?" फोनवर ती ओरडून बोलते आणि माणूस जितकं लांब तितकी जास्त ओरडते. दुबईच्या भाच्याशी बोलते तेव्हा वाडीतली कुत्री उठून उभी राहतात.

फोन ती समोर धरायची फक्त एका माणसासाठी. तिची बालमैत्रीण, योगायोगाने शेजारच्याच घरात दिलेली. दोघींनी सगळा जन्म एका कुंपणाच्या अल्याड-पल्याड काढला. मैत्रिणीचे यजमान वारले आणि मुलगा तिला नागपूरला घेऊन गेला. तेव्हापासून रोज दुपारी आत्या धुवट लुगडं नेसायची, पावडर लावायची, तांदळाच्या डब्याला फोन टेकवून समोर बसायची. इकडे ही लसूण सोलायची, तिकडे ती. "समुद्र दाखव," म्हणून मैत्रिणीने हट्ट धरला की आत्या भर उन्हात किनाऱ्यावर जायची. मासळीच्या कालवणात आमसुलं आधी घालायची की शेवटी, यावर दोघींचं चाळीस वर्षांचं भांडण होतं. ते फोनवरही सुखाने चालू राहिलं.

गेल्या वर्षी मैत्रिणीला अर्धांगवायू झाला आणि तिची वाचा गेली. सुनेने आत्याला कळवलं, "आता त्यांना बोलता येत नाही हो. तुम्हालाच बघून वाईट वाटेल."

"ती बोलायची थांबली. मी कुठं थांबलेय?" आत्या म्हणाली. "दुपारचा फोन तेवढा तिच्यासमोर धर गं बाय."

दिवाळीत गेलो तेव्हा मी ते पाहिलं. पडद्यावर उशीला टेकलेला एक वाकडा झालेला चेहरा होता. आत्या लसूण सोलत दोघींच्या वाटचं बोलत होती. "आमसुलं शेवटी," असं स्वतःच्या आवाजात, मग "आधी गं, येडे," असं मैत्रिणीच्या चिरक्या आवाजात. मला हसू आलं. त्या दिवशी पहिल्यांदाच आत्या भांडण हरली. "बरं, आधी तर आधी," म्हणाली आणि थोडा वेळ वाट पाहत राहिली.

फोन बंद झाल्यावर मी विचारलं, "तिला कळतं का गं?"

"काय म्हाईत. डोळं तर माझ्याकडं असतात." ती लसणाची सालं गोळा करत राहिली. मग म्हणाली, "सगळं हाय रे ह्या फोनात. हात तेवढा धरता येत न्हाय."

एसटी शेजारच्या म्हसळ्याच्या पलीकडे गेली की जिला मळमळतं, त्या आत्याला घेऊन पुढच्या आठवड्यात मी नागपूरला निघालो आहे. तिची पिशवी आत्ताच भरून तयार आहे. "एवढ्या लांब जाऊन तिच्याशी काय बोलणार?" असं मी तिला सहज विचारलं.

"काय न्हाय," ती म्हणाली. "बसायचं नुसतं बाजूला."