खालच्या दोरावरचा माणूस

मालवणच्या एसटी स्टँडवर गेली बावीस वर्षं जो आवाज ऐकू येतो, तो गुरुदास मालंडकरचा. "मालवणहून तळेरेमार्गे खारेपाटणला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर उभी आहे," हे तो इतक्या शुद्ध मराठीत सांगतो की परगावच्या माणसाला वाटावं, हा पुण्यात वाढला असणार. वाहतूक नियंत्रकाच्या त्या कोंदट खोलीतून बाहेर पाऊल टाकलं की मात्र तो पुन्हा चोख मालवणी. उंची बेताची, पोट सुटलेलं, केस गेलेले. देवाने बाकी सगळीकडे हात आखडता घेतला आणि जे काय द्यायचं ते गळ्यात ओतलं.

त्यामुळे गावात कुठलाही सामना असो, माइक गुरुदासच्या हातात. कबड्डी असो, क्रिकेट असो, होड्यांची शर्यत असो. त्याला खेळ कितपत कळतो हे कोणी विचारलं नाही आणि त्याने स्वतःलाही विचारलं नाही. लोक हसत होते ना, मग झालं. सहा-सात वर्षांपूर्वी गावात बास्केटबॉलचं सिमेंटचं मैदान झालं तेव्हा बाकीचे नियम शिकत बसले. हा पहिल्या दिवसापासून माइकवर.

त्या फेब्रुवारीतल्या रविवारी मालवण आणि खारेपाटण यांच्यात अंतिम सामना होता. मालवणच्या संघात ओमकार होता. बावीस वर्षांचा, साडेसहा फूट उंच, घरची रापण, तोंडातून शब्द निघेल तर शपथ. एवढा उंच गडी रिंगखाली असल्यावर बोर्डावर आपटून परत येणारा प्रत्येक चेंडू त्यानेच उडी मारून घ्यायला हवा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्याला रिबाउंड म्हणतात हे गुरुदासला ठाऊक होतं, आणि तेवढ्या एका शब्दावर त्याचं दुकान चालत होतं. पण चेंडू घेत होता विनीत, ओमकारपेक्षा वीतभर बुटका. ओमकार नुसता उभा.

पहिल्याच डावात गुरुदासच्या जिभेला धार चढली.

"बघा, बघा! साडेसहा फुटाचो माणूस आणि उडी मारूचो कंटाळो! आमचो ओमकार म्हणजे रापणीच्या रशीक हात लावन उभो रवणारो. वाटो घेवक मात्र सगळ्यांच्या फुडे!"

मैदान खदखदून हसलं. हसलं म्हणून गुरुदासने ते पुन्हा म्हटलं. सामना संपेपर्यंत पाच-सहा वेळा म्हटलं असेल.

हे किती लागेल ते किनाऱ्यावरच्या माणसालाच कळतं. रापण म्हणजे होडीने समुद्रात वळसा घालून टाकलेलं मोठं जाळं. त्याच्या दोन्ही टोकांच्या रशा पन्नास-साठ माणसांनी धरायच्या आणि जाळं वाळूवर खेचून आणायचं. राबेल त्या प्रत्येकाला मासळीचा वाटा. जो नुसता रशीला हात लावून ओढल्यासारखं करतो आणि वाट्याला पुढे येतो, तो तिथे चोराहून हलका. भांडणातसुद्धा हे कोणी कोणाला तोंडावर म्हणत नाही. गुरुदासने माइकवर म्हटलं, आणि गुरुदास स्वतः रापणकराचा मुलगा.

एवढ्यावर थांबला असता तरी एक वेळ ठीक. मुंबईहून एका कंपनीच्या संघासाठी खेळाडू निवडायला एक साहेब आले होते. एक खेळाडू घ्यायचा होता, नोकरीसकट. मध्यंतरात ते माइकच्या टेबलापाशी चहा घेत उभे होते. त्यांनी सहज विचारलं, "तो उंच मुलगा कसा आहे हो?"

गुरुदासने लगेच स्टँडवरची भाषा काढली. "अंग चोरतो, साहेब. उंची आहे, पण कष्टाची तयारी नाही. खरा खेळाडू विनीत."

साहेबांनी मान डोलावली. मालवण तीन गुणांनी जिंकलं. गुरुदासच्या गळ्यात हार पडला, आणि तो हार घालूनच घरी गेला.

मंगळवारी सकाळी स्टँडसमोरच्या टपरीवर रिक्षावाल्या गणपतने विषय काढला. गणपत आणि गुरुदास एका वर्गातले, त्यामुळे एकमेकांची लाज ठेवायची पद्धत नव्हती.

"गुरु, तू त्या ओमकारावर वायच जास्तच घसरलंस."

"जास्त? विनीताचे रिबाउंड अकरा. ओमकाराचे किती? दोन! तेच्या जाग्यार विजेचो खांब उभो केल्यानी तरी दोन येयत."

"आणि खारेपाटणवाल्यांचे?"

"तेंचा माका काय करूचा आसा?"

"तांच बघूक व्हया. तेंचो तो रिंगखालचो जाडो सेंटर, आदल्या म्याचीत पंधरा घेतल्यान. हडे तीन. कोणी अडवल्यान तेका? तुझ्या माइकान?"

"नशीब रे आमचा."

"नशीब अख्खी म्याच टिकता?" गणपतने फोन काढला. सगळा सामना त्याने रिक्षाच्या टपावर बसून टिपला होता. चित्र सुरू झालं तसा गुरुदासचा आवाज टपरीभर दुमदुमला. गणपतने आवाज पार बंद केला.

"बंद कित्याक करतंस?"

"तू बोलाक लागलंस काय माका तू सांगतंस तांच दिसता. आता गप ऱ्हव आणि बघ."

आपल्या आवाजाशिवाय सामना बघायची गुरुदासची आयुष्यातली ही पहिली वेळ. चेंडू वर गेला. सगळ्यांच्या माना वर. एकट्या ओमकारची नजर चेंडूकडे नव्हती. तो पाठीने खारेपाटणच्या त्या जाड्याला शोधत होता. सापडल्यावर त्याने पाय फाकवले, गुडघे वाकवले, हात पसरले आणि तो जमिनीत रुतल्यासारखा उभा राहिला. जाडा मागून ढकलत होता, कोपर बरगडीत खुपसत होता. ओमकार तसूभर हलला नाही. आणि त्या मोकळ्या ठेवलेल्या जागेत विनीत खुशाल उडी मारून चेंडू घेऊन गेला. लोकांनी विनीतसाठी टाळ्या वाजवल्या. ओमकारने बरगडी चोळली आणि दुसऱ्या टोकाला पळाला.

पुन्हा तेच. पुन्हा तेच. नवव्या वेळी गुरुदासने फोन उलटा करून ठेवला. हातातल्या चहावर साय धरली होती. ती उभं राहायची तऱ्हा त्याने कुठे तरी पाहिली होती, आणि कुठे ते आठवायची त्याला भीती वाटली.

"काय झाला रे?" गणपतने विचारलं.

"मी सायबाकय सांगलंय," गुरुदास म्हणाला. "अंग चोरता म्हणान."

गणपतने फोन खिशात टाकला आणि दोघांच्या चहाचे पैसे दिले.

साहेब त्याच सकाळी साडेदहाच्या कणकवलीच्या गाडीने निघणार होते. गुरुदासने खोलीच्या खिडकीतून त्यांना फलाटावर पाहिलं आणि घोषणा अर्धवट टाकून धावत बाहेर आला. धापा टाकत त्याने सगळं सांगितलं. आपण चुकलो, त्या मुलाचा खेळ आपल्याला कळलाच नाही, विनीतचे अकराच्या अकरा त्याच्याच पाठीवर आलेले, सगळं.

साहेब जरा हसले. "मालंडकर, तीस वर्षं मी हेच करतोय. तुमच्या सांगण्यावर मी खेळाडू निवडतो असं वाटलं का तुम्हाला? मी त्यालाच मागितलं."

गुरुदासचा जीव भांड्यात पडला. पण क्षणभरच.

"तो नाही म्हणाला. म्हणाला, 'मी काहीच करत नाही साहेब, गावाला विचारा. विनीतला न्या.' मी खूप सांगून पाहिलं. ऐकेना." त्यांनी खिशातून कार्ड काढून दिलं. "गुरुवारपर्यंत त्याने फोन केला तर बघू. नाही तर विनीत."

गाडी सुटली. तिची घोषणाही गुरुदासने केली नाही.

चार वाजता कामावरून सुटल्यावर तो घरी न जाता तसाच खाकी कपड्यांत किनाऱ्यावर गेला. रापण अर्धी आली होती. रशीच्या अगदी पुढे ओमकार होता. असा ओढत होता की मानेच्या शिरा तटतटल्या होत्या, तळहात सोलवटले होते. सगळ्यांना दिसेल असं तो ओढत होता.

ही त्याची जागा नव्हती. जाळं उथळ पाण्यात येतं तेव्हा त्याचा खालचा दोर वाळूवरून उचलला जातो आणि खालून मासळी निसटते. म्हणून कोणी तरी पुढे छातीभर पाण्यात जाऊन तो दोर पायांनी दाबून धरावा लागतो. त्याने ओढायचं नसतं, नुसतं उभं राहायचं असतं. सगळ्या जाळ्याची ओढ पायांवर घेत. ओमकारची उंची चांगली, म्हणून चार वर्षं ती जागा त्याची. आज तिथे एक बुटका म्हातारा नाकातोंडात पाणी जात धडपडत होता. बघता बघता जाळं खालून उचललं गेलं आणि बांगड्यांचा लखलखता थवा सगळ्यांच्या देखत बाहेर पडला. किनाऱ्यावर शिव्यांचा पाऊस पडला.

आता गुरुदासला आठवण टाळता येईना. त्या खालच्या दोरावर एके काळी त्याचा बापूस उभा राहायचा. दत्ताराम मालंडकर, तीस वर्षं. गुरुदास चौथीत असताना वर्गातली मुलं म्हणाली, तुझो बापूस ओढणा नाय, नुसतो उभो रवता. गुरुदास रडत घरी आला आणि बापाला म्हणाला, "बाबा, उद्यापासून तुमी रशी ओढा. माका तुमची लाज वाटता." दुसऱ्या दिवशी दत्ताराम खरोखर रशीवर गेला. त्या दिवशी रापण जवळजवळ रिकामी आली. सगळ्यांनी दत्तारामला नाही नाही ते सुनावलं. त्याने ऐकून घेतलं, आणि कोणाच्या सांगण्यावरून जागा सोडली ते शेवटपर्यंत कोणाला सांगितलं नाही.

दोन माणसं त्या दोरावरून उतरली, आणि दोन्ही गुरुदासच्या तोंडामुळे. चौपन्न वर्षांच्या आयुष्यात त्याला एवढी शरम कधी वाटली नव्हती. त्याने चपला काढल्या आणि खाकी पँटीसकट पाण्यात शिरला. म्हाताऱ्याला बाजूला करून दोरावर उभा राहिला. पहिल्याच ओढीला खालच्या शिंपल्याने तळवा कापला. जाळं पायाखालून सुटायला बघत होतं, आणि किनाऱ्यावरची पन्नास माणसं एसटीचा कंट्रोलर पाण्यात काय करतोय ते बघत होती.

"ओमकार!" तो ओरडला. "माझा चुकला रे! तू अंग चोरणस नाय. माकाच काय दिसला नाय!"

हा आवाज माइकशिवायही सगळ्या किनाऱ्याला पोचत होता. कोणी हसलं नाही. रशी दुसऱ्याच्या हातात देऊन ओमकार पाण्यात आला आणि त्याच्या शेजारी दोरावर उभा राहिला.

"काका, पाय तिरके ठेवा. तसो दोर सुटतलो."

गुरुदासने पाय तिरके केले. "सायबाचो नंबर माझ्याकडे आसा. गुरुवारपर्यंत फोन कर. मी सायबाक सगळा सांगलंय."

"आदी काय सांगललात, तांय माका म्हायत आसा," ओमकार शांतपणे म्हणाला. "मी पाणी पियाक तुमच्या पाठीमागे इललंय."

गुरुदासला खाली बघायलाही जागा नव्हती. खाली गढूळ पाणी होतं.

"माइकवर तुमी सगळ्यांचीच मस्करी करतात. तां कोण मनावर घेता?" ओमकार म्हणाला. "पण सायबाक तुमी स्टँडवरच्या भाषेत सांगलात. थंय तुमी खोटा बोलणास नाय. म्हणान माका खरा वाटला."

पाय हलवला तर मासळी जाणार होती, म्हणून गुरुदासला तिथून निघूनही जाता येईना. त्याने पाय आणखी घट्ट रोवले. मग म्हणाला, "बाबा माझे हडेच उभे रवत."

"म्हायत आसा. आमचे आजे सांगत."

जाळं आलं. बरं आलं, बांगडा आणि थोडी कर्ली. वाटे पडत असताना गुरुदास लांब उभा राहून पायाला रुमाल बांधत होता. ओमकारने येऊन साहेबांचं कार्ड मागितलं. ते ओलं झालं होतं, पण आकडे वाचता येत होते. त्याने ते उन्हाकडे धरून बघितलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. मग आठ-दहा बांगडे माडाच्या झावळीच्या पातीत ओवून त्याने गुरुदासपुढे धरले.

"ह्यो तुमचो वाटो."

"माका नको रे. मी काय केलंय? नुसतो उभो तर होतंय."

"तेचोच वाटो," ओमकार म्हणाला, आणि जाळं धुवायला निघून गेला.

गुरुदास बांगडे घेऊन घरी निघाला. वाटेत दोघा-तिघांनी नेहमीप्रमाणे हाक मारली, "काय गुरुदास, रविवारी माइकवर तूच मा?" "ह्या रविवारी मी नुसतो बघतलंय," तो म्हणाला आणि लंगडत पुढे गेला.